नरकासुर पस्तीस फुटी, कृष्ण सहा वर्षांचा

गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचा पुतळा उभा करतात आणि पहाटे कृष्ण झालेल्या पोराच्या हातून मारून तो जाळतात. त्या रात्री आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, एक वाक्य हमखास कानावर पडतं. कुणीतरी कमरेवर हात ठेवून नरकासुराला खालून वर न्याहाळतो आणि म्हणतो, "अवंदूचो तितलो बरो ना, फाटल्या वर्साचो बरो आशिल्लो." यंदाचा तितका बरा नाही, मागच्या वर्षीचा बरा होता. गंमत अशी, की मागच्या वर्षीही हाच माणूस याच जागी उभा राहून हेच बोलला होता. त्याच्या हिशेबाने आमचा नरकासुर निदान तीस वर्षं उतरणीला लागला आहे. तरी दर वर्षी रात्री दोन वाजता अंगावर शाल घेऊन तो बघायला यायचं काही हा सोडत नाही.

स्लॅशर चित्रपटांच्या लांबलेल्या मालिकांवर वाद सुरू झाला की मला हा माणूस आठवतो. मुखवटा घातलेला खुनी, हातात सुरा नाहीतर कोयता, एकेक करून टिपली जाणारी तरणी पोरं आणि शेवटी उरलेली एक मुलगी, एवढ्या भांडवलावर अमेरिकेत बारा-बारा, तेरा-तेरा भाग निघाले. त्यांच्याबद्दलचं मतही ठरून गेलेलं आहे: पहिला भाग अस्सल, दुसरा चालेल, पुढचे सगळे पैसे उकळायला काढलेले. उशिरा आलेला भाग निराशच करणार, हे इतकं गृहीत धरलं जातं की कुणी ते तपासायच्या भानगडीत पडत नाही. मी पडलो. गेल्या पावसाळ्यात, ज्या रात्री वीज असेल त्या रात्री, यांतल्या तीन मालिका ओळीने पुन्हा पाहिल्या. निराशा झाली, नाही असं नाही. पण ती भागांच्या क्रमाने वाढत गेली नाही. एका मालिकेतला चौथा आवडला, पाचवा नाही. सातव्याने खूश केलं, आठव्याने संताप आणला. आणि अकरावा, जो पहिल्यानंतर तब्बल चाळीस वर्षांनी आला, तो पहिल्याच्या शेजारी बसवावासा वाटला. उशीर हेच दुखणं असतं तर हे असं वरखाली झालं नसतं.

मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तो 1989 साली, डिचोलीत, पंधराव्या वर्षी. बाजाराच्या कडेला एक व्हिडिओ लायब्ररी होती. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. एका मित्राच्या घरची मंडळी लग्नाला गेलेली, व्हीसीआर भाड्याने आणलेला, आणि कॅसेट जॉन कार्पेंटरच्या 1978च्या 'हॅलोवीन'ची. कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी. अंधाराचा प्रसंग आला की पडदा नुसता करडा. पण एक सोय होती. भीतीचा क्षण जवळ आला की चित्रावर पांढऱ्या रेघा नाचायला लागायच्या, कारण आमच्याआधी ज्यांनी ज्यांनी ती कॅसेट नेली त्यांनी नेमका तोच तुकडा मागे घेऊन घेऊन पाहिला होता आणि टेप तिथेच झिजली होती. रेघा दिसल्या की आम्ही उशा पुढे घ्यायचो.

त्या रात्रीतलं मला आज काय आठवतं? त्यातला खुनी मायकल मायर्स, त्याचा पांढरा मुखवटा आठवतो, हे खरं. पण त्याहून पक्कं आठवतं ते कपड्यांचं कपाट. लॉरी नावाची ती मुलगी आत अंग चोरून बसली आहे, फळ्यांच्या फटीतून उजेडाच्या पट्ट्या तिच्या तोंडावर पडल्या आहेत, बाहेरून दार फुटतं आहे, आणि ती थरथरत्या हातांनी तारेचा हँगर सरळ करते आहे. एवढंच तिच्याकडे हत्यार. आम्ही चौघं पोरं त्या वेळी सुरा बघत नव्हतो, हँगर बघत होतो. लवकर कर, लवकर कर, असं कुणीतरी चक्क मोठ्याने म्हणत होतं.

माझं सगळं म्हणणं त्या हँगरमध्ये आहे. या चित्रपटांत तिकीट खपतं ते राक्षसाच्या नावावर, पण पोट भरतं ते त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसामुळे. उशिराचे भाग बनवणाऱ्यांना पहिली गोष्ट दिसते, कारण ती हिशेबाच्या वहीत उतरते. दुसरी उतरत नाही. मग भागागणिक राक्षस वाढवत नेतात आणि समोरचा माणूस आक्रसत जातो.

आम्हा गोंयकारांना हे सांगायला नको. आपण ते रस्त्यावर बघतो. मी लहान असताना नरकासुर माणसापेक्षा जरा उंच असायचा. बांबूचा सांगाडा, आत गवत, वर जुने कपडे आणि खळीने चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद. मुखवटा तेवढा म्हापशाच्या बाजारातून आणलेला. आता लोखंडी सांगाडा येतो, हात हलतात, डोळे पेटतात, मान वळते, शेजारी स्पीकरची भिंत उभी राहते. स्पर्धा असते, बक्षिसं असतात. आणि कृष्ण? कृष्ण म्हणजे वाड्यावरचा एखादा सहा वर्षांचा पोर, पिवळं पितांबर, पुठ्ठ्याचं चक्र, डोक्यावर वाकडा झालेला मुकुट. वर्तमानपत्रांतून दर वर्षी कुणी ना कुणी तक्रार करतं, की उत्सव कृष्णाचा, जयजयकार मात्र नरकासुराचा. तक्रार रास्त आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: पस्तीस फुटी राक्षसाची भीती कुणालाच वाटत नाही. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात.

आता 'हॅलोवीन'चीच तेरा भागांची मालिका या नजरेने बघा. मूळ चित्रपट सुमारे तीन लाख डॉलरमध्ये झाला. मुखवट्याला पैसे नव्हते म्हणून 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारी रबरी मुखवटा आणून, त्याची डोळ्यांची भोकं मोठी करून, वर पांढरा रंग मारला. श्रेयनामावलीत मुखवट्यामागच्या त्या पात्राला नावसुद्धा दिलेलं नाही, नुसतं 'आकार' अशा अर्थाचा शब्द आहे. राक्षस इतका कमी, मुलगी मात्र पुरेपूर. दुसऱ्या भागात, 1981 साली, तीच लॉरी बहुतेक वेळ इस्पितळाच्या खाटेवर गुंगीच्या औषधाखाली पडून असते. खून वाढले, रक्त वाढलं, भीती घटली. चौथ्या भागात (1988) लॉरी नाही, पण तिची सात-आठ वर्षांची मुलगी आहे, आणि त्या पोरीच्या डोळ्यांतली धास्ती खरी आहे, म्हणून तो भाग उभा राहतो. पाचव्यात त्याच पोरीची वाचा घालवून तिला दवाखान्यात ठेवलं. सहाव्यात, ती मोठी झाल्यावर, सुरुवातीलाच मारून टाकलं. सहावा किती वाईट आहे ते सांगत बसत नाही.

सातवा आला 1998 साली, मूळ चित्रपटाला वीस वर्षं झाल्यानिमित्त. पहिल्या भागात लॉरी झालेली जेमी ली कर्टिस परत आली. लॉरी आता नाव बदलून एका शाळेची मुख्याध्यापिका झालेली, दारूच्या आधाराने रात्री काढणारी. शेवटाकडे ती मुलांना गाडीत बसवून फाटकाबाहेर काढते, फाटक आतून बंद करते, कुऱ्हाड उचलते आणि अंधाराकडे तोंड करून त्याच्या नावाने ओरडते. वीस वर्षं पळालेली बाई वळून उभी राहिली, एवढंच घडतं. पण तेवढ्यासाठी मधले सगळे भाग माफ करावेसे वाटतात. आठव्या भागाने (2002) काय केलं? पहिल्या पंधराएक मिनिटांत लॉरीला मारलं, आणि सातव्याच्या शेवटी तिने ज्याचं मुंडकं उडवलं तो मायकल नव्हताच, मुखवटा चढवलेला एक अॅम्ब्युलन्सवाला होता, असं सांगून मोकळे झाले. (जेसन नावाच्या खुन्याच्या 'फ्रायडे द थर्टीन्थ' मालिकेतही पाचव्या भागातला खुनी तोतया निघतो, आणि तोही अॅम्ब्युलन्सवालाच. या बिचाऱ्या खात्याशी अमेरिकी लेखकांचं काय वैर आहे कोण जाणे.) आठव्यावर लोक चिडले ते तो आठवा होता म्हणून नव्हे. आमच्या कृष्णाने मारलेला नरकासुर खोटा होता आणि कृष्णही गेला, असं सकाळी उठून कुणी सांगितलं तर फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, तरी गोड लागतील का?

मग 2018. मधले सगळे भाग पुसून टाकून, थेट पहिल्याला जोडलेला चित्रपट. लॉरी आता आजी आहे; मुलीशी पटत नाही, घराचा किल्ला करून ठेवलेला, बंदुका साफ करत बसलेली. एक कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या या चित्रपटाने जगभर पंचवीस कोटींहून अधिक कमावले. इतकी कमाई मुखवट्याने एकट्याने आणली म्हणणाऱ्यांनी पुढचा भाग बघावा. 2021च्या त्या भागात मुखवटा तोच, मारलेल्यांची संख्या कितीतरी जास्त, आणि लॉरी पुन्हा इस्पितळाच्या खाटेवर. चाळीस वर्षांपूर्वीची चूक, त्याच खाटेसकट. तो बघताना मला खरोखर जांभया आल्या, आणि माणसं तर मिनिटागणिक मरत होती.

हे एकाच मालिकेपुरतं नाही. वेस क्रेव्हनने 1984 साली काढलेल्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मध्ये फ्रेडी क्रूगर स्वप्नात येऊन मारतो, आणि त्याच्याशी झुंजणारी नॅन्सी झोपायचंच नाकारते. जागरणाने तिच्या डोळ्यांखाली आलेली ती वर्तुळं हीच त्या चित्रपटाची खरी भीती. हीथर लँगनकँप नावाची ही अभिनेत्री मालिकेत तीनदा आहे: पहिल्यात, 1987च्या तिसऱ्यात आणि 1994च्या सातव्यात. चाहत्यांना विचारा, यातले चांगले भाग कोणते. फिरून फिरून याच तीनांची नावं निघतात. सातवा म्हणजे चांगलाच उशिराचा, आणि सहाव्यात फ्रेडीला 'कायमचा' मारल्यानंतरचा.

इथे प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. या मालिकेतल्या चौथ्या भागाने पहिल्यापेक्षा आणि तिसऱ्यापेक्षाही जास्त धंदा केला होता. त्यात नॅन्सी नाही. फ्रेडी मात्र फॉर्मात, विनोद करत, एकेका खुनाला टाळ्या घेत. म्हणजे लोकांना राक्षसच हवा असतो ना? गर्दी कशाने जमते असं विचाराल तर होय. आमच्याकडेही रात्रभर पोरं नरकासुराभोवतीच नाचतात, कृष्णाभोवती नव्हे. पण मी म्हणतोय ते निराशेबद्दल, आणि निराशा तिकीट काढल्यानंतर होते. चौथ्याला गर्दी झाली, पाचव्याला ओसरली. टाळ्या घेणारा खुनी एकदा हसवतो, दुसऱ्यांदा तो ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाला कोण घाबरतो?

याच्या उलटही खरं आहे, ते लपवत नाही. राक्षसच नसेल तर निव्वळ कृष्णावर भागत नाही. 1982चा 'हॅलोवीन'चा तिसरा भाग मायकलला वगळून काढला. गोष्ट वेगळी, मुखवटे वेगळे, कल्पना मुळीच वाईट नव्हती. लोक संतापले. आता त्या चित्रपटाला चाहते मिळालेत, पण त्या वेळच्या प्रेक्षकाला मी दोष देणार नाही. चतुर्दशीच्या पहाटे चौकात येऊन बघावं तर नरकासुराऐवजी बकासुर उभा, असं झालं तर माणूस विचारणारच.

आणि आपल्या घरचं उदाहरण? ते तर तात्या विंचूचं. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' 1993चा. कल्पना 1988च्या 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकी बाहुल्याच्या वळणाची, पण रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि तो मंत्र यांनी ती इतकी आपली केली की त्या वेळच्या मुलांनी कपाटावरची बाहुली पाठमोरी करून झोपायला सुरुवात केली. शाळेत दोन कपाळं एकमेकांवर आपटली की 'ओम फट् स्वाहा' ठरलेलं. वीस वर्षांनी, 2013 साली, 'झपाटलेला 2' आला, थ्रीडीत. बाहुला पडद्याबाहेर यायचा. मी हौसेने गेलो, चष्मा लावून बसलो, आणि मध्यंतरापर्यंत मला कळेना की काय चुकतंय. बाहुला तोच, आवाज तोच. मग लक्षात आलं. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 सालीच गेले होते.

लोक म्हणतात 'झपाटलेला'त लक्ष्याने हसवलं. हसवलंच. पण आठवून बघा, त्या चित्रपटात घाबरण्याचं सगळं काम त्यानेच केलेलं आहे. बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा एक साधा माणूस, घरात आलेला बाहुला आपोआप बोलतो, आणि हे ज्याला सांगावं तो हसतो. कुणाचाच विश्वास बसत नाही, ही खरी भीती. बाहुल्याच्या तोंडावर काय दिसणार? लाकूड आणि रंग. भीती दिसली ती लक्ष्याच्या विस्फारलेल्या डोळ्यांत, आणि तिथून आमच्या पोटात. दुसऱ्या भागाने बाहुला अंगावर आणला, पण ज्याच्या अंगावर तो यायला हवा तो माणूस पडद्यावर नव्हता. यात कुणाला बोल लावावा असंही नाही. गेलेला माणूस कुठून आणणार? पण थ्रीडी हा त्यावरचा इलाज नव्हता, एवढं नक्की. (जेसनचा तिसरा भाग थ्रीडी, फ्रेडीच्या सहाव्या भागाचा शेवट थ्रीडी, आमचा तात्याही थ्रीडी. मालिकेत चष्मे वाटायला लागले की प्रेक्षकाने सावध व्हावं. अर्थात जेसनला तो हॉकीचा मुखवटा त्याच थ्रीडी भागात मिळाला, हेही खरं. देव कधीकधी वेड्यांना पावतो.)

राक्षस वाढवायचा आणखी एक मार्ग असतो, तो जास्त घातक: त्याचं चरित्र सांगणं. पहिल्या 'हॅलोवीन'मध्ये मायकल त्या मुलीच्या मागे का लागतो याला कारण नाही. ती त्याच्या जुन्या घराच्या दारात किल्ली ठेवायला गेली, त्याने पाहिलं, संपलं. दुसऱ्या भागाने सांगितलं की ती त्याची बहीण. सहाव्याने सांगितलं की एक गुप्त पंथ आहे, शाप आहे, आकाशातल्या ताऱ्यांची जुळणी आहे. 2007ला नव्याने काढलेल्या चित्रपटाने त्याचं बालपण, दारिद्र्य, शिव्या देणारा सावत्र बाप, सगळं मांडून ठेवलं. प्रत्येक खुलाशाबरोबर तुमची-माझी भीती कमी होत गेली. बहिणीला मारायला निघाला असेल तर मला काय, मी काही त्याची बहीण नव्हे.

आमच्याकडे देवचार आहे, गावाची राखण करणारा. रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, खांद्यावर कांबळ, हातात दांडा. त्याला रोट ठेवतात, विडी ठेवतात, सोरो म्हणजे दारू ठेवतात. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि रात्रीच्या फेऱ्या घालून घालून त्या झिजतात असं जुनी माणसं सांगतात. माझ्या आजीला मी एकदा विचारलं होतं, हा देवचार आधी कोण होता? तिने हातातला विळा थांबवून माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारायची छाती झाली नाही. ती मागाहून एवढंच म्हणाली, "तो आसा." तो आहे. 2018च्या 'हॅलोवीन'च्या लेखकांना हे कळलं होतं. त्यात लॉरीची नात आपल्या मित्रांना सांगते, की ते भाऊ-बहीण वगैरे लोकांनी रचलेलं. एका वाक्यात सदतीस वर्षांचं ओझं उतरवून ठेवलं.

पैशाचा मुद्दा मी टाळत नाही, पण त्यात फार दम आहे असंही मला वाटत नाही. लोभ तर पहिल्या भागातही होता. 1980चा 'फ्रायडे द थर्टीन्थ' निघाला तोच 'हॅलोवीन'चं यश बघून. साडेपाच लाख डॉलर घातले आणि अमेरिकेतच जवळजवळ चार कोटी वसूल झाले. अशी विहीर लागल्यावर पोहरा कोण काढून ठेवील? 1980 ते 1989 या दहा वर्षांत आठ भाग काढले. 1984चा चौथा तर 'अखेरचा अध्याय' म्हणून जाहीर केला, आणि 1985ला पाचवा हजर. मराठी नाटकांच्या जाहिरातीतले 'शेवटचे काही प्रयोग' ज्यांनी वर्षानुवर्षं वाचलेत त्यांना याचं नवल वाटू नये. पण गंमत बघा, तो धंदेवाईक 'अखेरचा अध्याय' चांगला आहे. त्यात बारा वर्षांचा एक मुलगा आहे, टॉमी, घरी बसून राक्षसांचे मुखवटे बनवणारा. तो शेवटी स्वतःचं डोकं भादरून, लहानपणीचा जेसन बनून त्याच्यासमोर उभा राहतो. सहाव्यात हाच टॉमी मोठा होऊन परत येतो, आणि तो भागही मालिकेतला सर्वांत हसरा, सर्वांत चपळ निघाला. लोभ दोन्हीकडे सारखाच होता. मग फरक कुठून आला?

थोडा दोष आपलाही. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. त्याने मोबाइलवर आठवडाभरात एका मालिकेचे दहा भाग संपवले आणि मला म्हणाला, "मामा, सगळे सारखेच की." मी म्हटलं, अरे, वर्षाचा सण तू रोज साजरा केलास. रोज सकाळी उटणं लावून पाच प्रकारचे फोव खाल्लेस तर चौथ्या दिवशी आईला विचारशील, उपमा नाही का? वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने, गर्दीत बसून बघायला केलेली वस्तू आपण एका बैठकीत गिळतो आणि मग तिच्यात नावीन्य नाही म्हणून कुरकुरतो. इथे मला महोत्सवी रसिकांनाही एक विचारायचं आहे. 2004पासून पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, होतो, मी बहुतेक वर्षं रांगेत असतो. एखाद्या थोर दिग्दर्शकाने आयुष्यभर तोच चित्रपट पाच वेळा केला तर आपण त्याला शैली म्हणतो. मुखवटेवाल्याने केला की तो निर्लज्ज. असो.

त्याच भाच्याने 2018चा आधी पाहिला आणि 1978चा नंतर. मला वाटलं होतं, आता याला अस्सल काय ते कळेल. तो म्हणाला, "मामा, यात जवळजवळ तासभर तो नुसता झाडामागे उभाच राहतो." मी चिडलो. नंतर विचार केला, की त्याला नव्या भागाने निराश केलं नाही, जुन्याने केलं. लॉरीला त्याने आजी म्हणूनच आधी ओळखलं, आणि कॉलेजात जायच्या वयाची ती भित्री मुलगी त्याला उलट तिची धाकटी नात वाटली. कुणाचा कृष्ण कुठे भेटेल ते सांगता येत नाही.

माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा धक्का दिला तो 2025च्या मे महिन्यात. 'फायनल डेस्टिनेशन'चा सहावा भाग, पाचव्यानंतर चौदा वर्षांनी. या मालिकेत मुखवटेवालाच नाही. मरण स्वतः येतं, अपघातातून वाचलेल्यांना ठरल्या क्रमाने उचलतं. समोर उभं राहायला राक्षस नाही, म्हणजे माझ्या हिशेबाने हा सहावा भाग कोसळायला हवा होता. पणजीत, भरलेल्या थिएटरात, मी पूर्ण वेळ खुर्चीच्या कडेवर होतो. शिवाय यात खुलासाही आहे: एका आजीने फार वर्षांपूर्वी एक मोठा अपघात टाळला, आणि जे मुळात जन्मायलाच नको होते त्यांच्या मागे मरण लागलं आहे. खुलाशाने भीती मरते असं मी वर लिहून बसलोय. इथे मेली नाही. बहुधा हा खुलासा धोका दुसऱ्याच्या घरी नेऊन सोडत नाही, जेवणाच्या टेबलावर आणून ठेवतो म्हणून असेल. मामा, आत्या, चुलत भावंडं, अंगणातली मेजवानी. गोव्यातल्या कुठल्याही घरात फेस्ताला किंवा चवथीला जमतात तसा गोतावळा, आणि त्यातला आता कोण, हा प्रश्न.

त्या चित्रपटात टोनी टॉड आहे. मालिकेच्या आधीच्या भागांतही मरणाचे नियम सांगायला हा उंच, खर्जातल्या आवाजाचा माणूस यायचा, थोडा थट्टेने, थोडा धमकीने. या वेळी तो आजारी होता, अंगाने खूप वाळलेला. चित्रपट येण्याआधी, नोव्हेंबर 2024मध्ये तो गेला. एका प्रसंगात तो निरोप घेतो. दिग्दर्शकांनी त्याला म्हणे स्वतःच्या मनातलं बोलायला सांगितलं होतं. थिएटरात तोवर पोरं शिट्ट्या मारत होती, पॉपकॉर्न फेकत होती. तो बोलायला लागला आणि सगळं गप्प झालं. पंचवीस वर्षांच्या मालिकेतला सहावा भाग, आणि पडद्यावर मरणासमोर उभा असलेला एक खरा माणूस.

गेल्या दिवाळीत आमच्या वाड्याचा नरकासुर पस्तीस फुटी होता. विजेच्या तारांना लागू नये म्हणून मुकुट काढून ठेवावा लागला. पहाटे पाचला डीजे थांबला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की कृष्ण नाही. शोधलं तर तो देवळाच्या पायरीशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून झोपलेला, चक्र पोटाशी धरून. आई उठवायला तयार नव्हती. शेवटी तिनेच त्याला कडेवर घेतलं, चौकात आणलं आणि खाली उतरवलं. त्याने डोळे चोळले, मान वर करत करत पार मागे नेली, आणि आईच्या साडीमागे गेला. तिथून त्याने विचारलं, "आई, हो खरेंच लासतलो मगे?" आई, हा खरंच जळेल ना? आत्तापर्यंत मोबाइल वर धरून उभी असलेली पोरं गप्प झाली. कमरेवर हात ठेवून उभा असणारा तो माणूसही काही बोलला नाही. मुलाने एक पाऊल पुढे टाकलं, परत मागे घेतलं, आणि आम्ही सगळे त्याच्या त्या पायाकडे बघत थांबलो.